मायकोरायझा घालूनही झाड सुकते? या चुका टाळा

मुंबईत वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि उरलेले आठ महिने सोसायटीच्या आवारातील कोवळ्या झाडाला टँकरच्या नाहीतर बोअरवेलच्या पाण्यावर काढावे लागतात. अशा वेळी मुळांशी सहजीवन करणारी बुरशी, म्हणजेच मायकोरायझा, उपयोगी पडते हे बऱ्याच जणांना ठाऊक झाले आहे. तिचे पाकीट खड्ड्यात रिकामे केले जाते आणि तरीही मार्च-एप्रिलमध्ये झाड माना टाकते. यात दोष बहुधा बुरशीचा नसतो.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे त्याच खड्ड्यात ओंजळभर डीएपी, म्हणजे भरपूर स्फुरद (फॉस्फरस) असलेले रासायनिक खत, टाकणे. मुंबईत बागेसाठी येणारी लाल माती बरीचशी कोकणातील जांभ्याची असते, आणि तिच्यातील लोह व ॲल्युमिनियम स्फुरदाला असे धरून ठेवतात की तो मातीत असूनही झाडाला मिळत नाही. शिवाय मूळ आपल्याभोवतीच्या एक-दोन मिलिमीटरमधला स्फुरद भराभर उचलते आणि तेवढा पट्टा रिकामा होतो. बुरशीचे धागे त्या पट्ट्यापलीकडे काही सेंटिमीटर जाऊन स्फुरद आणतात. झाड त्याचा मोबदला साखरेच्या रूपात देते, आणि हा मोबदला थोडाथोडका नसून पानांनी तयार केलेल्या अन्नाच्या साधारण ४ ते २० टक्के असू शकतो. मुळाशी आयता स्फुरद मिळू लागला की झाड हा खर्च आवरते आणि बुरशी मुळात नीट शिरतच नाही. म्हणून लागवडीच्या वेळी चांगले कुजलेले शेणखत पुरे. रासायनिक स्फुरद मातीपरीक्षणात कमतरता दिसली तरच द्यावा.

दुसरी चूक जागेची. ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढू शकत नाही, त्यामुळे वरवर भुरभुरलेली पावडर उन्हात वाया जाते. रोपाची पिशवी काढल्यावर ती थेट बारीक मुळांना लावावी. मोठ्या झाडासाठी फांद्यांच्या घेराखाली पहारीने भोके पाडून, जिथे बारीक मुळे लागतील तिथे घालावी. त्याच सुमारास कार्बेन्डाझिमसारख्या बुरशीनाशकाची आळवणी केली, म्हणजे त्याचे द्रावण मुळाशी ओतले, तर एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखे होते. पाकिटावरचे बुरशीचे नावही वाचावे, कारण पाइनसाठीची पिसोलिथस आंबा, करंज किंवा बहाव्याच्या कामाची नाही.

जुलैत कुंडीत कुत्र्याच्या छत्र्या (अळंबी) उगवल्या की बुरशी ‘लागली’ असा समज होतो. आपल्याकडच्या बहुतेक झाडांची मायकोरायझा छत्र्या धरतच नाही. ती मुळांच्या आत असते आणि मुळे रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याखेरीज दिसत नाही. गुलमोहर किंवा पर्जन्यवृक्षाच्या बुंध्याशी कडक, फळीसारखी बाहेर आलेली वाढ दिसली, तर ती मात्र लाकूड कुजवणारी बुरशी समजावी आणि वादळापूर्वी महापालिकेच्या उद्यान खात्याला कळवावे.

बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवलेल्या झाडाला कोणतेही पाकीट तारणार नाही, कारण मुळांना आणि बुरशीला दोघांनाही हवा लागते. आधी ब्लॉक काढावेत. तिथली पालापाचोळ्याची पथारी झाडून जाळण्याचा सफाईचा हट्टही सोडावा.

शेवटी, बुरशी पाणी निर्माण करत नाही. तिचे काही मायक्रोमीटर जाडीचे धागे मूळ पोचू शकत नाही अशा बारीक छिद्रांत शिरतात, मातीचे कण बांधून ठेवतात आणि स्फुरद मिळालेले झाड मुळे जास्त पसरवते. एवढ्याने दुष्काळाचा ताण कमी होतो, संपत नाही. पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावेच लागते, रोज शिंतोडे न मारता काही दिवसांच्या अंतराने खोलवर. दुपारी मलूल झालेली पाने सकाळी ताठ होत असतील, तर घाबरण्याचे कारण नाही. सकाळीही ती लोंबत असतील, तर बोटभर खोल माती उकरून पाहावी: कोरडी असल्यास पाणी द्यावे, चिकट ओली आणि कुबट वासाची असल्यास मुळे कुजत आहेत असे समजून पाणी थांबवावे व निचरा मोकळा करावा.