लोकप्रशासनात एम.ए. की एमपीए? अर्जाआधीची तयारी

अर्ज भरायला बसण्याआधी पदवी नेमकी कोणती हवी, ते ठरवा. नावं इतकी सारखी आहेत की पहिला घोटाळा इथेच होतो. लोकप्रशासनातलं एम.ए. बहुतेक ठिकाणी राज्यशास्त्राच्या अंगाने जातं: सिद्धांत, विचारवंतांमधले वाद आणि शेवटी प्रबंध. पुढे पीएच.डी. किंवा शिकवणं डोक्यात असेल तर ते बरं. एमपीए, म्हणजे मास्टर ऑफ पब्लिक अॅडमिनिस्ट्रेशन, ही कामाला जुंपणारी पदवी. खातं किंवा संस्था चालवताना पैसा, माणसं, कायदा आणि आकडेवारी कशी हाताळायची, यावर तिचा भर. एमपीपी म्हणजे सार्वजनिक धोरण, तिथे अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र जास्त. प्रत्यक्षात या सीमारेषा पुसट असतात. त्यामुळे माहितीपत्रकातल्या हसऱ्या चेहऱ्यांवर न जाता विषयांची यादी उघडा. संख्याशास्त्राचे किती पेपर सक्तीचे आहेत, एखाद्या कार्यालयात प्रत्यक्ष काम करायला मिळतं का, शेवटी प्रबंध आहे की खऱ्या संस्थेसाठी करायचा प्रकल्प, एवढ्या तीन गोष्टींत अभ्यासक्रमाचा स्वभाव कळतो. साधारण दोन वर्षांचा काळ धरा. अनुभवी लोकांसाठी एक वर्षाचे अभ्यासक्रमही असतात. नोकरीत असाल तर अध्ययन रजेचे नियम आधी वाचा आणि विद्यापीठ नंतर निवडा. उलटा क्रम लावणारे पुष्कळ पाहिलेत, त्यात मीही आलो.

आणि हेही मनाशी स्पष्ट असू द्या की ही पदवी म्हणजे सरकारी नोकरीच्या परीक्षेचा क्लास नव्हे. विषयांची नावं तीच असली तरी इथे उत्तर पाठ करून गुण मिळत नाहीत.

आता वाचन. थोडंच वाचा, पण क्रमाने. सुरुवात 1887 पासून करा. वुड्रो विल्सन तेव्हा अध्यापक होते, अमेरिकेचे अध्यक्ष व्हायला अजून पंचवीसेक वर्षं होती. राज्यघटना लिहिण्यापेक्षा ती चालवणं आता अवघड होत चाललं आहे, असं त्यांनी त्या वर्षीच्या निबंधात म्हटलं आणि प्रशासनाचा वेगळा अभ्यास हवा असा आग्रह धरला. त्यानंतर जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर आणि त्यांनी मांडलेली नोकरशाही: लेखी नियम, उतरंड, पदाला चिकटलेले अधिकार आणि सगळ्याची कागदावर नोंद. फाइल का असते, हा प्रश्न कधी पडला असेल तर उत्तर इथे आहे. 1937 मध्ये अमेरिकी प्रशासनतज्ज्ञ ल्यूथर गुलिक यांनी प्रशासकाच्या कामांच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरं जोडून ‘पोस्डकॉर्ब’ हा शब्द रूढ केला: नियोजन, संघटन, नेमणुका, निर्देशन, समन्वय, अहवाल, अर्थसंकल्प. तो एकदा वाचा आणि सोडून द्या. त्यावर टिपा लिहून वह्या भरण्यात हशील नाही.

थांबायचं ते अमेरिकी अभ्यासक हर्बर्ट सायमन यांच्यापाशी. प्रशासनाची ही तथाकथित तत्त्वं म्हणजे नुसत्या म्हणी आहेत, असं त्यांनी 1946 मध्ये लिहिलं. ‘शितावरून भाताची परीक्षा’ हीही म्हण आपलीच आणि ‘दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं’ हीही आपलीच. वेळ येईल तशी आपण एक काढतो. प्रशासनातही तसंच. कर्मचाऱ्याला एकच साहेब असावा, हे एक तत्त्व. कामाची वाटणी तज्ज्ञतेनुसार व्हावी, हे दुसरं. मग शाळेच्या हिशेबनीसाने मुख्याध्यापकांचं ऐकायचं की लेखा विभागाचं? दोन्ही तत्त्वं बरोबर आणि कार्यालयात भांडण. माणूस सर्वोत्तम पर्याय शोधत नाही, वेळ आणि माहिती पुरेल तितकं शोधून ‘चालेल’ असा पर्याय उचलतो, हा सायमन यांचा मोठा विचार. त्यांना 1978 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. लोकप्रशासनाच्या विद्यार्थ्याने हे लक्षात ठेवावं, कारण ‘हा कसला विषय’ असं विचारणारे नातेवाईक भेटतातच.

यापुढे अंमलबजावणीवर एखादा लेख वाचा, पण त्याआधी हा हिशेब हाताने करा. एक योजना आहे, तिला वीस ठिकाणी मंजुरी लागते. प्रत्येक ठिकाणचा माणूस भला आहे आणि होकाराची शक्यता 90 टक्के आहे. वीसही होकार मिळण्याची शक्यता किती? 0.9 ला वीस वेळा गुणा: जेमतेम 12 टक्के. कुणी लाच मागितली नाही, कुणी आळस केला नाही, तरी योजना बहुधा अडकली. माझ्या डोक्यातलं ‘सगळे कामचोर आहेत’ हे या एका गुणाकाराने उतरलं. मुलाखतीत योजना का फसतात असं विचारलं तर भ्रष्टाचारावर भाषण ठोकण्याऐवजी हे सांगून पाहा.

गणिताची भीती असेल तर ती आत्ताच मोडा, पहिल्या सत्रात वेळ नसतो. फार काही नको. सरासरी आणि मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) यांतला फरक बोटांवर यायला हवा. खिडकीवर दहा जण आले, नऊ जणांचं काम दहा मिनिटांत झालं, एकाला चार तास लागले. सरासरी आली 33 मिनिटं, मध्यक 10. अहवालात कोणता आकडा द्यायचा? सरासरी दिली तर नऊ जणांचं चांगलं काम झाकलं जातं, मध्यक दिला तर चार तास उभा राहिलेला माणूस गायब होतो. आकडा निवडणं हाच इथे प्रशासकीय निर्णय असतो. तसंच टक्के आणि टक्केबिंदू: 40 टक्क्यांवरून 50 वर जाणं म्हणजे दहा टक्केबिंदूंची, पण 25 टक्क्यांची वाढ. वृत्तपत्रं यात रोज घसरतात. तरतूद 5 टक्क्यांनी वाढली आणि महागाई 6 टक्के असेल तर ती कपातच, हेही न सांगता दिसायला लागलं पाहिजे. एखादं स्प्रेडशीट नीट वापरता आलं तर उत्तम. संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर तिथे शिकवतातच.

मग एक अर्थसंकल्प वाचा. देशाचा नको, तो समुद्र आहे. तुम्ही राहता तिथल्या स्थानिक संस्थेचा घ्या आणि एकाच खात्याचं पान काढा. मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च हे आकडे शेजारी शेजारी मांडा. प्रत्यक्ष खर्च बहुधा मागच्या वर्षाचा छापलेला असतो, त्यामुळे एकाच वर्षासाठी दोन-तीन वर्षांची पुस्तकं उघडावी लागतील. पगारावर ठरल्याइतका खर्च होतो, दुरुस्तीवर होत नाही, असं दिसलं तर का, हे विचारा. अमुक रक्कम ‘अ’ कामाला द्यावी आणि ‘ब’ ला देऊ नये, हे कशाच्या आधारावर ठरवायचं, असा प्रश्न व्ही. ओ. की या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञांनी 1940 मध्ये केला होता. त्याचं सर्वांना पटेल असं उत्तर अजून मिळालेलं नाही. वर्गात तुमचंही उत्तर चुकणार आहे, निर्धास्त राहा.

हे सगळं झालं की हेतुपत्र, म्हणजे एसओपी: हा अभ्यासक्रम का करायचा आहे, ते सांगणारं अर्जासोबतचं पत्र. (कार्यालयात एसओपी म्हणजे कामाची ठरलेली पद्धत. पहिल्या आठवड्यात माझा यावरून गोंधळ झाला होता.) माझ्या पहिल्या खर्ड्याची पहिली ओळ होती, ‘मला लहानपणापासून समाजसेवेची आवड आहे.’ ज्या सरांना वाचायला दिलं त्यांनी ती ओळ पेन्सिलीने खोडली आणि समासात लिहिलं, ‘सगळ्यांनाच असते. पुढे?’ दुसऱ्या खर्ड्यात मी एकच प्रसंग घेतला: एक दाखला काढताना तोच तपशील चार अर्जांवर चार वेळा लिहावा लागला. तो तपशील कोणत्या टेबलावर तपासला जातो, कुठे नुसताच साठतो आणि मला याबद्दल काय शिकायचं आहे, एवढंच लिहिलं. ते चाललं. तुम्हीही अशी एक सेवा निवडा आणि अर्ज देण्यापासून कागद हातात पडेपर्यंतचा तिचा प्रवास कागदावर काढा. कोण शेरा मारतं, फाइल कुठे झोपते, नियमात नसलेलं कोणतं पाऊल सवयीने पडतं, हे टिपा. ही दोन दिवसांची मेहनत महिनाभराच्या वाचनाला भारी पडते.

बाकी कामं कंटाळवाणी, पण राहून गेली की सगळं अडतं. शिफारसपत्रं दोन किंवा तीन लागतात. मोठ्या हुद्द्याच्या माणसापेक्षा तुमचं काम पाहिलेला माणूस निवडा आणि निदान सहा आठवडे आधी सांगा. सोबत तुमचं हेतुपत्र द्या, नाहीतर ‘कष्टाळू व होतकरू’ एवढंच लिहून येतं. परदेशात जायचं असेल तर आयईएलटीएस किंवा टोफेल या इंग्रजीच्या परीक्षांचे गुण दोनच वर्षं चालतात, जीआरई या प्रवेशपरीक्षेचे पाच. जीआरई बऱ्याच ठिकाणी आता मागत नाहीत, म्हणून आधी तपासा आणि मगच फी भरा. शरद ऋतूतल्या प्रवेशाच्या मुदती बऱ्याचदा आदल्या डिसेंबर-जानेवारीत संपतात, शिष्यवृत्तीच्या त्याहून आधी. खर्चाचा तक्ता करताना फीसोबत बुडणारा पगारही लिहा. तो आकडा सोडून केलेला हिशेब या विषयाच्या विद्यार्थ्याला शोभत नाही.

शेवटी सगळ्या कागदांवर नाव सारखं आहे का, ते अक्षर न् अक्षर पाहा. माझ्या गुणपत्रकावर वडिलांचं नाव पूर्ण होतं, ओळखपत्रावर नुसतं आद्याक्षर. एका खिडकीवर कागद परत आले, प्रतिज्ञापत्र आणा म्हणाले. दुसऱ्या दिवशी प्रतिज्ञापत्र घेऊन गेलो तर खिडकी तीच, माणूस वेगळा. त्याने ते न बघता बाजूला सारलं आणि शिक्का मारला. नियम एकच, माणसं दोन. खिडकीवरचा माणूस जे ठरवतो तेच लोकांपर्यंत पोचणारं धोरण असतं, असं मायकेल लिप्स्की या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञांनी 1980 मध्ये मांडलं, हे मला पुढे वर्गात कळलं. पहिल्या सत्राचा निबंध मी त्या दोन दिवसांवरच लिहिला. प्रतिज्ञापत्र अजून माझ्याकडेच आहे, ते कुणी मागितलंच नाही.