आहारतज्ज्ञाच्या ब्लॉगवर जाहिराती: कुठे चालतील, कुठे अजिबात नकोत

दवाखाना चालवणाऱ्या आहारतज्ज्ञाने ब्लॉगवर जाहिराती लावण्याआधी वही काढून दहा मिनिटे हिशेब मांडावा. निम्म्या लोकांचा निर्णय तिथेच होतो.

हिशेब सोपा आहे. महिन्याला पाने किती वेळा उघडली गेली तो आकडा घ्या, दर हजार पानांमागच्या उत्पन्नाने गुणा आणि हजाराने भागा. नमुन्यादाखल ६,००० पाने आणि हजारी ४० रुपये धरू. महिन्याला २४० रुपये झाले. ब्लॉगवर जाहिराती दाखवणारी गूगलची सेवा ॲडसेन्स १०० डॉलर जमल्याशिवाय पैसे पाठवत नाही. डॉलर ८५ रुपये धरला तर ८,५०० रुपये, म्हणजे पहिली रक्कम हाती यायला तीन वर्षे. तुमचा दर वेगळा असेल. अमेरिका किंवा ब्रिटनमधले मराठी वाचक जास्त असतील तर तो बराच वर जातो, कारण जाहिरातदार जागेसाठी किती रुपयांची बोली लावतो ते वाचकाच्या देशावरही ठरते.

आता दुसरी बाजू. पहिल्या भेटीची फी ८०० रुपये असेल आणि जाहिरातीमुळे महिन्याला एकच माणूस तुमच्याकडे यायचा राहिला, तर तीन महिन्यांहून जास्त जाहिरात-उत्पन्न एका झटक्यात गेले. असा माणूस जातो कुठे? तुमच्या मजकुराशेजारी वजन घटवण्याची पावडर, कॅलरी मोजणारे ॲप आणि घरबसल्या डाएट-प्लॅन देणाऱ्या कंपन्या झळकतात. त्यांना हवा असलेला माणूस आणि तुमचा रुग्ण एकच, म्हणून तर त्यांनी त्या जागेसाठी बोली लावलेली असते. तुम्ही मेहनतीने लिहून आणलेला वाचक ते काही रुपयांत घेऊन जातात. म्हणून प्रश्न सबंध ब्लॉगचा धरू नका, एकेका पानाचा धरा.

पाने वेगळी काढा

गूगल ॲनालिटिक्स या वाचक मोजणाऱ्या साधनातून गेल्या तीन महिन्यांतली सर्वाधिक वाचलेली २० पाने काढा. प्रत्येकापुढे लिहा: इथून किती जण संपर्काच्या किंवा अपॉइंटमेंटच्या पानावर गेले? यादीचे आपोआप दोन भाग पडतात.

ज्वारी-बाजरी-नाचणीची तुलना, वरीच्या तांदळातली प्रथिने, साबुदाणा खिचडीच्या कॅलरी ही पाने शोधातून उघडली जातात. वाचक आकडा बघतो आणि निघून जातो. इथे जाहिरात लावायला हरकत नाही. सेवा, फी, अपॉइंटमेंट आणि रुग्णांचे अनुभव या पानांवर एकही जाहिरात नको. मधुमेह, मूत्रपिंडाचे आजार आणि गरोदरपणातला आहार या लेखांवर, वाचक कितीही असले तरी, आमच्या मते जाहिरात लावूच नये. घाबरलेला माणूस ते पान वाचत असतो. तुमच्या नावाखाली दिसलेली जाहिरातीची चौकट त्याला तुमचाच सल्ला वाटते.

आधी कुलपे, मग कोड

बहुतेक जण ॲडसेन्सने दिलेला जाहिरातीचा कोड ब्लॉगमध्ये चिकटवतात आणि चार दिवसांनी ‘साखर मुळापासून बरी’ असली जाहिरात बघून हादरतात. मधुमेह आणि लठ्ठपणा बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधांची जाहिरात १९५४ च्या औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने मना आहे, तरी तसले दावे नवे रूप घेऊन येत राहतात. म्हणून खाते मंजूर झाले की सर्वांत आधी ॲडसेन्समधल्या संवेदनशील वर्गांच्या यादीत जा. वजन घटवणे, औषधे व पूरके, सौंदर्य शस्त्रक्रिया, झटपट श्रीमंती, ज्योतिष आणि ग्राहक कर्ज हे वर्ग बंद करा. उत्पन्न थोडे घटेल, घटू द्या. प्रतिस्पर्धी डाएट कंपन्यांचे पत्ते जाहिरातदारांच्या बंदी-यादीत टाका. पहिला महिनाभर दर आठवड्याला जाहिरात तपासणी कक्ष उघडून काय दाखवले गेले ते डोळ्यांखालून घाला.

खात्याचे नाव बँक खात्याशी तंतोतंत जुळले पाहिजे. १० डॉलर जमले की पत्ता पडताळणीचा पिन साध्या टपालाने येतो, त्याला २ ते ४ आठवडे लागतात. तुमच्या घरी आजवर पत्रे ज्या पत्त्यावर नीट येतात तोच पत्ता, पिनकोडसह, जसाच्या तसा द्या. इमारतीचे नाव राहिल्याने पत्र परत जाते, आणि चार महिन्यांत पिन भरला नाही तर जाहिराती थांबतात. मराठी ही ॲडसेन्सच्या मान्य भाषांमध्ये आहे, त्यामुळे मजकूर मराठीत आहे एवढ्यावरून अर्ज नाकारला जात नाही. नाकारला जातो तो बहुधा त्रोटक किंवा इकडून तिकडून उचललेल्या लेखांमुळे.

जागा आणि माप

आपोआप जाहिरातींची सोय बंदच ठेवा. ती चालू असली की पान बदलताना पडदाभर पसरणारी आणि खाली चिकटून राहणारी जाहिरात येते, आणि तुम्ही वगळायला विसरलात त्या पानांवरही येते. जाहिरातीची चौकट हाताने बनवा आणि तिचा कोड फक्त निवडलेल्या लेखांत टाका.

एका लेखात दोन चौकटी पुरेत, पहिली तिसऱ्या परिच्छेदानंतर आणि दुसरी लेखाच्या शेवटी. ३०० बाय २५० पिक्सेलची चौकट मोबाइलवर नीट बसते. तिच्या डब्याला किमान २८० पिक्सेल उंची आधीच राखून ठेवा, म्हणजे वर बारीक अक्षरांत ‘जाहिरात’ हा शब्दही मावतो. उंची राखली नाही तर मजकूर आधी दिसतो, मागून जाहिरात येते आणि सगळे खाली ढकलले जाते. वाचकाचे बोट तक्त्याऐवजी जाहिरातीवर पडते. पान किती हलते याला गूगल जो गुण (सीएलएस) देते तो ०.१ च्या आत हवा, आणि पानातला सर्वांत मोठा भाग २.५ सेकंदांत दिसायला हवा. त्यासाठी शेवटची चौकट वाचक तिथवर पोचल्यावरच उघडेल अशी ठेवा. मोबाइलवर जाहिरातींनी मजकुराच्या उंचीच्या ३० टक्क्यांहून जास्त जागा व्यापू नये, त्यामुळे छोट्या लेखात एकच चौकट.

पोषणतक्ता आणि त्याचे शीर्षक यांच्या मध्ये, किंवा ‘पुढे वाचा’ बटणाला चिकटून चौकट ठेवू नका. चुकून पडलेले क्लिक अवैध धरले जातात, त्यांचे पैसे कापले जातात आणि प्रमाण वाढले तर खातेच बंद होते. स्वतःच्या जाहिरातीवर स्वतः क्लिक करणे आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘जरा क्लिक करा रे’ असे टाकणे, दोन्ही खाते बंद पाडणारे उद्योग आहेत.

तुमच्या जागेवर जाहिरात विकायचा अधिकार कुणाला आहे हे सांगणारी ॲड्स डॉट टीएक्सटी (ads.txt) नावाची फाइल साइटच्या मूळ फोल्डरमध्ये ठेवावी लागते. तिच्यात एकच ओळ असते, स्वल्पविरामांनी वेगळे केलेले चार भाग: गूगलचा डोमेन, तुमचा प्रकाशक क्रमांक, ‘डायरेक्ट’ हा शब्द आणि गूगलचा प्रमाणन क्रमांक. ती हाताने टाइप करू नका, खात्यातून उचलून चिकटवा. एक अंक चुकला की कमाई गळते आणि कारण चटकन सापडत नाही. लंडन किंवा बर्लिनचे मराठी वाचक येत असतील तर १६ जानेवारी २०२४ पासून युरोप-ब्रिटनच्या वाचकांसाठी प्रमाणित संमती-पट्टी (जाहिरातीसाठी माहिती वापरू का, हे वाचकाला विचारणारी) सक्तीची आहे. गूगलची स्वतःची पट्टी खात्यातच फुकट मिळते.

परिणाम कसा मोजावा

जानेवारीत संकल्पांची लाट असते, दिवाळीनंतर वेगळी, लग्नसराईआधी आणखी वेगळी. त्यामुळे ‘आधीचे दोन महिने आणि नंतरचे दोन महिने’ ही तुलना फसवते. जाहिरातयोग्य पानांपैकी निम्म्यांवरच जाहिरात लावा, आणि दोन्ही गटांतून त्याच आठ आठवड्यांत किती जण अपॉइंटमेंटच्या पानावर गेले ते मोजा. जाहिरातीच्या गटातून येणारे स्पष्ट कमी दिसले तर जाहिरात काढा, कमाई कितीही असो.

थेट प्रायोजक

वाचक थोडे पण नेमके असतील तर लाकडी घाण्याचे तेल किंवा नाचणीचे पदार्थ बनवणारा जवळपासचा उत्पादक ठरावीक मासिक रक्कम देऊ शकतो, आणि ती ॲडसेन्सहून बरीच जास्त असू शकते. तीन महिन्यांचा लेखी करार करा, पैसे आगाऊ घ्या. पाकिटावर एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी परवाना क्रमांक आहे का ते आधी बघा. चौकटीवर ‘प्रायोजित’ असे ठळक लिहा, दुव्याला ‘स्पॉन्सर्ड’ ही खूण लावा. जे उत्पादन तुम्ही रुग्णांना लिहून देता त्याचे पैसे मात्र घेऊ नका, कारण मग चिठ्ठीवरचा सल्ला कुणाच्या फायद्याचा हे रुग्णाला कळायला मार्ग उरत नाही. लेखात स्वतःच्या तोंडाने शिफारस केलीत तर तुम्ही कायद्याच्या दृष्टीने पुरस्कर्ते ठरता. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड आहे.

पैसे आल्यावर

ॲडसेन्सची रक्कम साधारण महिन्याच्या २१ ते २६ तारखेदरम्यान निघते आणि परदेशातून येते. बँकेने हेतू-कोड (परदेशातून पैसे कशासाठी आले ते सांगणारा) विचारला तर जाहिरात सेवेचा पी १००७ सांगा. हे उत्पन्न प्राप्तिकर विवरणपत्रात दाखवावे लागते, रक्कम किरकोळ असली तरी. जीएसटी नोंदणी आधीच असेल तर ही सेवेची निर्यात ठरते, तेव्हा कर न भरता निर्यात करण्यासाठीचे हमीपत्र (एलयूटी) भरलेले आहे ना हे तुमच्या सीएला पहिली रक्कम यायच्या आधी विचारा.