युकॉन नदीचं गाइडबुक निघण्याआधी कसं वाचावं

कॅनडाच्या वायव्य भागातल्या व्हाइटहॉर्स ते डॉसन सिटी, युकॉन नदीचा 700 किलोमीटरहून थोडा जास्त प्रवास. कॅनू (वल्ह्याची लांबट होडी) भाड्याने मिळते, नदी फारशी अवघड नाही, त्यामुळे गाइडबुक विमानात चाळू असं वाटतं. तसं करू नका. निदान महिनाभर आधी ते घेऊन पेन्सिल हातात धरून बसा.

पहिल्यांदा आवृत्तीचं साल बघा. या नदीत बेटं सरकतात, वाळूचे पट्टे जागा बदलतात, जुन्या लाकडी केबिन वणव्यात जातात. कडे, उपनद्यांचे संगम, हूटालिंक्वाजवळच्या बेटावर ओढून ठेवलेली इव्हलिन ही जुनी आगबोट, अशा खुणा भरवशाच्या. ‘बेटाच्या टोकाला छान मुक्काम’ हे वाक्य मात्र उधारीवर घ्यायचं. पुस्तकातला डावा-उजवा काठ प्रवाहाच्या दिशेला तोंड करून मोजलेला असतो, हे सोबतच्या प्रत्येकाकडून एकदा म्हणवून घ्या. कारमॅक्स गावाच्या पुढे फाइव्ह फिंगर रॅपिड्स (जोराचा खळाळ) येतात, तिथे खडकांमुळे नदीच्या पाच वाटा होतात आणि जायचं असतं अगदी उजवीकडच्या वाटेने. ऐन वेळी ‘उजवी म्हणजे कुणाची उजवी?’ हा वाद परवडत नाही. रिंक रॅपिड्सलाही उजवा काठच धरा.

मग पुस्तक आणि नकाशा शेजारी ठेवून खुणा जुळवा. जुने कॅनेडियन नकाशे 1927 च्या मोजणी-पायावर (डेटम) आहेत. जीपीएसमध्ये नकाशाचाच पाया निवडला नाही तर जागा शंभराहून जास्त मीटरने चुकते. पाण्याची पातळी पुस्तकात शोधू नका. कॅनडाच्या जलमापन केंद्रांचे ताजे आकडे इंटरनेटवर मिळतात, ते निघायच्या आठवड्यात रोज बघा.

पुस्तकातल्या दिवसांची गणितं लिहिणाऱ्याच्या दंडातल्या ताकदीची असतात, आपल्या नव्हे. वाटेतल्या लेक लाबार्जसाठी तर वेगळा हिशेब मांडा. हा तलाव सुमारे 50 किलोमीटर लांब, प्रवाह जवळजवळ नाही, पाणी बर्फासारखं आणि वारा सुटला की लाटा समुद्रासारख्या. बर्फ जूनच्या सुरुवातीपर्यंत टिकू शकतो, म्हणून मे महिन्याचं तिकीट काढायच्या आधीच हे पान वाचा. पहाटे निघायचं, एकच काठ धरून जायचं, मधून ओलांडायचं नाही, आणि वाऱ्यामुळे अडकून बसायला निदान एक जादा दिवस हाताशी ठेवायचा. जूनमध्ये रात्रीही उजेड असतो. वारा पडला तर रात्री वल्हवता येतं.

पिण्याच्या पाण्याच्या पानावर खूण करा. व्हाइट नदी मिळाली की युकॉन गढूळ होते आणि फिल्टर चोंदतो. त्याखालचे स्वच्छ ओढे पुस्तकातून उतरवून घ्या. तिथलंही पाणी उकळूनच प्या.

सामानाचं थोडक्यात: अस्वलांसाठीचा स्प्रे आणि स्टोव्हचं इंधन विमानातून नेता येत नाही, ते व्हाइटहॉर्सला घ्यायचं. वाटेत किराणा मिळेल असं गाव म्हणजे कारमॅक्स. भाजणी, मेतकूट, भडंग खुशाल न्या (थालीपीठ नदीकाठी जमतं, अनुभव आहे), पण वासाची प्रत्येक वस्तू, टूथपेस्टसुद्धा, घट्ट झाकणाच्या पिंपात आणि रात्री तंबूपासून लांब.

शेवटी पुस्तकातलं आपल्या कामाचं तेवढं दोन-तीन कागदांवर स्वतःच्या अक्षरात उतरवा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून मांडीसमोर बांधा. पुस्तक कोरड्या पिशवीत राहू द्या. त्याच कागदांची एक प्रत घरी कुणाकडे तरी द्या आणि डॉसनहून फोन कोणत्या तारखेपर्यंत आला नाही तर पोलिसांना कळवायचं, ते तिच्यावर ठळक लिहा. मोबाइलला बहुतेक वाटेवर रेंज नाही, म्हणून सॅटेलाइट मेसेंजर भाड्याने घ्या आणि निघण्यापूर्वी त्यावरून एक निरोप पाठवून बघा.