जाहिरातीच्या पैशाचा माग कसा काढावा

नागपूरच्या महाल भागातून मी छोटं बातम्यांचं संकेतस्थळ चालवते. ऑनलाइन जाहिरातींच्या मक्तेदारीवरून अमेरिकेत गूगलवर चाललेला खटला समजायचा तर आधी कळमना बाजारातला संत्र्यांचा लिलाव आठवा. बागवानाचा अडत्या, व्यापाऱ्याचा माणूस आणि बोली पुकारणारा, तिघंही एकाच मालकाचे असले तर? प्रकाशकाचा ॲड सर्व्हर (साइटवर कोणती जाहिरात दाखवायची ते सांभाळणारा), जाहिरातदाराचं जाहिरात-खरेदीचं साधन आणि मधलं एक्स्चेंज, म्हणजे जागेची बोली लागते तो बाजार, तिन्ही गूगलकडे आहेत. १७ एप्रिल २०२५ला अमेरिकी न्यायाधीश लिओनी ब्रिंकेमा यांनी सर्व्हर आणि एक्स्चेंजमधली मक्तेदारी बेकायदा ठरवली. जाहिरातदारांसाठीच्या ॲड नेटवर्कमध्येही (त्यांच्या खरेदीच्या बाजूला) मक्तेदारी असल्याचा आरोप मात्र टिकला नाही. हा फरक नीट ध्यानात घ्या.

आता आपली हिशेबाची वही. दर महिन्याचा कमाईचा अहवाल उतरवून ठेवाच. मग ओळखीच्या जाहिरातदाराला गाठा. धरमपेठेतल्या साडीवाल्या भाऊंना मी म्हटलं, “भाऊ, जाहिरात कुठे कुठे दिसली तो अहवाल काढा ना.” त्यात माझ्या साइटपुढे त्यांचा खर्च होता. शेजारी माझी जमा लिहिली. मधला फरक पहिल्यांदाच डोळ्यांना दिसला!

तक्रारीची वेळ आलीच, तर स्पर्धा कायदा २००२चं कलम ४ वाचा, ते बाजारातल्या वर्चस्वाच्या गैरवापराबद्दल आहे. कलम १९खाली भारतीय स्पर्धा आयोगाकडे कोणीही माहिती दाखल करू शकतं, शुल्क लागतं. एकट्याने जाऊ नका, चार प्रकाशकांच्या वह्या सोबत न्या.