डेव्हलपमेंट बँकेत वरपर्यंत जायचंय? मग आधी इथे कर्ज द्यायला शिका

वर्ल्ड बँक नाहीतर एडीबी (आशियाई विकास बँक), म्हणजे देशांना विकासकामांसाठी कर्ज देणाऱ्या डेव्हलपमेंट बँका; तिथं मोठ्या पदावर जायचं म्हटलं की बहुतेकांना वाटतं परदेशातली भारी डिग्री घेतली की झालं. डिग्री लागतेच, पण बँकर के. व्ही. कामतांचा प्रवास एकदा नीट बघा. सुरतकलला मेकॅनिकल इंजिनिअरिंग, मग आयआयएम अहमदाबाद, 1971 ला आयसीआयसीआय, आणि तेव्हा ती काय आजच्यासारखी एटीएमवाली बँक नव्हती, कारखान्यांना दीर्घ मुदतीचं कर्ज देणारी संस्था होती. तिथं 17 वर्षं काढली आणि मग 1988 ला मनिला, एडीबी. 1996 ला परत येऊन आयसीआयसीआयचे प्रमुख झाले, आणि 2015 ला शांघायच्या न्यू डेव्हलपमेंट बँकेचे (ब्रिक्स देशांची बँक) पहिले अध्यक्ष.

म्हणून माझं म्हणणं, पहिली काही वर्षं नाबार्ड, सिडबी (लघुउद्योगांची विकास बँक) किंवा एखाद्या बँकेच्या प्रोजेक्ट फायनान्समध्ये, म्हणजे मोठ्या प्रकल्पांना कर्ज देणाऱ्या विभागात घालवा. कर्जाची फाइल वाचायला शिका. समजा टोल रोड आहे, वर्षाला हप्ता आणि व्याज मिळून 100 कोटी जाणार आणि खर्च वजा जाता हातात 130 कोटी उरतात, म्हणजे डीएससीआर (हातातला पैसा भागिले कर्जफेड) 1.3, कागदावर छान. आता गाड्या पाचव्या हिश्शानं कमी धरा, उत्पन्न तेवढं घटलं की तो आकडा एकच्या आसपास येऊन टेकतो. आणि जमीन ताब्यात यायला दोन वर्षं उशीर झाला तर? हे प्रश्न ज्याला आपोआप सुचतात तोच पुढे जातो.

माणसं विसरू नका. मुंबईच्या एमयूटीपीत (रेल्वे आणि रस्ते सुधारायचा वर्ल्ड बँकेच्या कर्जाचा प्रकल्प) विस्थापितांच्या तक्रारी झाल्या आणि 2006 मध्ये वर्ल्ड बँकेनं रस्ते आणि पुनर्वसनाचे पैसे काही महिने थांबवले होते. पुनर्वसन कच्चं राहिलं की अख्खा प्रोजेक्ट अडकतो, हे वर बसलेल्याला माहीत असायलाच हवं.

आत शिरायचे रस्ते दोन: तरुणपणी यंग प्रोफेशनल्स प्रोग्रॅम (मास्टर्स हवं, वयाची अट असते), नाहीतर दहा-पंधरा वर्षांच्या अनुभवावर स्पेशालिस्ट म्हणून. दुसरा रस्ता आपल्या लोकांना जास्त जमेल असं मला वाटतं.

आणि पासपोर्टचं आधीच समजून घ्या. वर्ल्ड बँकेचा अध्यक्ष परंपरेनं अमेरिकन, एडीबीचा जपानी. अजय बंगा जन्मले आपल्या पुण्याच्या खडकीत, पण 2023 ला अध्यक्ष झाले ते अमेरिकन नागरिक म्हणून.

सुरुवात आजच करायची तर पोकराचं (महाराष्ट्राचा हवामानाला तोंड देणाऱ्या शेतीचा प्रकल्प) वर्ल्ड बँकेचं अप्रेझल डॉक्युमेंट, म्हणजे कर्ज देण्याआधीचा प्रकल्पाचा अहवाल, उघडा, ते सगळ्यांसाठी खुलं आहे. पूर्ण वाचा आणि मग त्यातल्या एखाद्या गावात जाऊन शेततळ्याचं अनुदान खात्यात कधी आलं ते शेतकऱ्याला विचारा.