सिग्नलचे सेकंद पुन्हा बसवताना

गर्दी वाढली की सिग्नलचा फेरा (सगळ्या रस्त्यांना एकदा हिरवा मिळून होईपर्यंतचा वेळ) लांबवायचा, हा सर्रास उपाय बहुतेक वेळा अंगाशी येतो. लाल दिवा लांबला की रांग मागच्या तिठ्यापर्यंत जाते, आणि कंटाळलेले दुचाकीवाले लाल असतानाच निघतात. रस्ता तेवढाच ठेवूनही थांबणं, पेट्रोल आणि धूर कमी करता येतो. त्यासाठी आधी मोजणी हवी.

गर्दीच्या वेळी दर 15 मिनिटांची वाहनं वळणांप्रमाणे वेगळी नोंदवा. गोव्यात दुपारी दुकानं बंद असतात तेव्हाचा प्लॅन वेगळा, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराचा वेगळा, डिसेंबरमधल्या पर्यटकांच्या गर्दीचाही वेगळा. मग सगळी वाहनं कारच्या हिशेबात आणा. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1990 च्या कोष्टकात दुचाकी 0.5 ते 0.75 आणि बस 2.2 ते 3.7 धरली आहे.

फेरा काढायला वाहतूक-संशोधक वेबस्टरचं 1958 चं सूत्र आजही उत्तम. त्यात भार म्हणजे येणाऱ्या गाड्या भागिले सलग हिरव्यात सुटू शकणाऱ्या गाड्या; वाया जाणारे सेकंद म्हणजे दिवा बदलताना आणि गाड्या निघताना फुकट जाणारा वेळ:

फेरा = (1.5 × वाया जाणारे सेकंद + 5) ÷ (1 − भारांची बेरीज)

समजा मुख्य रस्त्याची एक बाजू 7 मीटर रुंद आहे. रुंदीच्या मीटरमागे ताशी 525 कार धरल्या तर सलग हिरव्यात ताशी 3,675 कार सुटतील. येतात 1,470, म्हणजे भार 0.40. आडव्या रस्त्याचा भार 0.25 धरू. दोन टप्प्यांत (एक मुख्य रस्त्याचा, एक आडव्याचा) मिळून 8 सेकंद वाया जातात. उत्तर 48.6, म्हणजे 50 सेकंद. प्रत्येक टप्प्याला 3 सेकंद पिवळा आणि 2 सेकंद सगळीकडे लाल ठेवला, की भाराच्या प्रमाणात मुख्य रस्त्याला 25 आणि आडव्याला 15 सेकंद हिरवा उरतो.

पण पायी जाणारी माणसं विसरू नका. आडव्या रस्त्याला हिरवा असतानाच ती 14 मीटरचा मुख्य रस्ता ओलांडतात. सेकंदाला 1.2 मीटर या चालीने 12 सेकंद, अधिक पाऊल उचलायला 7, असे 19 लागतात. मग आडव्याला 19, आणि त्याच प्रमाणात मुख्य रस्त्याला 31 द्या. फेरा 60 चा होतो. म्हाताऱ्या माणसांची वर्दळ असेल तिथे आणखी वाढवा.

जवळजवळच्या सिग्नलांचा फेरा सारखाच हवा. अंतर 400 मीटर आणि वेग ताशी 36 किलोमीटर असेल, तर पुढचा हिरवा 40 सेकंदांनी लागावा; तिथे आधीच रांग उभी असेल तर दर गाडीमागे साधारण 2 सेकंद अलीकडे. हे जमवलेलं गणित पावसाळ्यात बिघडतं. वीज गेली की कंट्रोलरचं (दिवे चालवणाऱ्या पेटीचं) घड्याळ मागे पडतं, कधी जुना प्लॅन परत येतो. म्हणून घड्याळाला बॅटरी किंवा जीपीएस हवं, आणि वीज आल्यावर कुणीतरी जाऊन वेळ ताडून पाहावी.

बदलानंतर आठवडाभर रांगेचं शेपूट पाहा. एकाच हिरव्यात ते सुटत नसेल, आणि दुसऱ्या टप्प्याच्या हिरव्यात रस्ता पाच-सहा सेकंद रिकामा राहत असेल, तर ते सेकंद इकडे वळवा. मात्र पायी चालणाऱ्यांचे 19 कापू नका.