जुन्या गाडीची बॅटरी सारखी उतरतेय? नवीन बॅटरी आणण्याआधी या चुका टाळा

माझ्या जुन्या गाडीत मी एका वर्षात दोन बॅटऱ्या बदलल्या होत्या आणि तिसरी आणायच्या बेतात होतो. तेव्हा एका जुन्याजाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनने साधा मल्टिमीटर (व्होल्टेज, करंट मोजायचा मीटर) काढला, इंजिन चालू ठेवून हेडलाईट लावायला सांगितले, मीटरची एक पिन अल्टरनेटरच्या (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राच्या) बॉडीला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला टेकवली आणि म्हणाला, हे बघ. मीटरवर १.१ व्होल्ट. तिथे जवळपास शून्य यायला पाहिजे होतं. इंजिनपासून बॉडीला जाणारी अर्थची पट्टी आतून गंजून अर्धी झाली होती, अल्टरनेटर १४.२ व्होल्ट बनवत होता आणि बॅटरीला मिळत होते जेमतेम १३.१. म्हणजे आधीच्या दोन्ही बॅटऱ्या खराब नव्हत्या, उपाशी होत्या. पट्टी बदलायला अर्धा तास लागला.

तेव्हापासून मी सगळ्यांना एवढंच सांगतो की आधी मीटर काढा, मग पाना. बॅटरी उतरणं हे लक्षण आहे, दुखणं बॅटरीत असेल, अल्टरनेटरमध्ये असेल, मधल्या वायरीत असेल नाहीतर रात्री गुपचूप करंट खाणाऱ्या एखाद्या दिव्यात असेल. नवीन बॅटरी टाकली की हे सगळं दोन-तीन महिने झाकलं जातं आणि मग पुन्हा तेच.

गाडी बंद केल्या केल्या व्होल्टेज बघणं

ही चूक सगळेच करतात. गाडी फिरवून आणली, बंद केली, मीटर लावला, १३ च्या आसपास दिसलं, चला बॅटरी ठणठणीत. नाही ओ, तो वरवरचा चार्ज असतो, थोड्या वेळात बसतो. गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी दार उघडायच्या आत, म्हणजे बॉनेट आदल्या रात्रीच सैल करून ठेवून, मोजा. घाईच असेल तर हेडलाईट एक-दोन मिनिटं लावा, बंद करा, थोडं थांबा आणि मग मोजा.

१२ व्होल्टच्या साध्या लेड अॅसिड बॅटरीत १२.६ किंवा किंचित वर म्हणजे फुल, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी आणि १२.० म्हणजे पाव राहिली. म्हणजे "१२ दाखवतंय की, बरोबर आहे" हे वाक्य चुकीचं आहे, १२ ला बॅटरी जवळजवळ रिकामी असते. आणि नीट चार्ज करूनही १०.५ च्या आसपासच अडकली असेल तर एक सेल गेला समजा, कारण आत ६ सेल असतात आणि प्रत्येकाचे २.१ व्होल्ट. अशी बॅटरी मात्र खरंच बदलायची.

वरची झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटर (आतल्या अॅसिडची घनता मोजणारी नळी) अजून खरं बोलतो. फुल चार्जला १.२६५ च्या जवळपास येतं आणि सगळे सेल सारखे पाहिजेत, एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने खाली असला तर तोच रोगी. पाणी कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर, अॅसिड कधीच ओतू नका.

सेल्फ फिरत नाही म्हणजे बॅटरीच गेली असं धरणं

गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, आणि दुसऱ्या कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा, तुम्ही मीटरकडे बघा. पूर्ण चार्ज बॅटरी सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेली तर तिच्यात दम उरलेला नाही, मग उभी असताना १२.६ का दाखवेना. पण सेल्फ नुसता टक करतोय आणि मीटर १२ च्या वरच बसलाय, तर बॅटरीतून करंट बाहेरच पडत नाहीये. आता मीटरची एक पिन बॅटरीच्या शिशाच्या खांबावर आणि दुसरी त्यावर बसवलेल्या क्लॅम्पवर ठेवा, हो, एकाच टर्मिनलवर दोन्ही, आणि परत सेल्फ मारा. या दोघांमध्ये एक-दोन व्होल्ट दिसले तर मधे मळ बसलाय. वरून चकचकीत दिसणारा क्लॅम्प आतून काळा पडलेला असतो, म्हणून नुसतं बघून काही कळत नाही.

पांढरी-हिरवी पावडर साचली असेल तर खाण्याचा सोडा कोमट पाण्यात घालून धुवा (सोडा सेलच्या आत जाऊ देऊ नका), मग खांब आणि क्लॅम्प दोन्ही आतून घासा. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. कारण साधं आहे, पॉझिटिव्ह सोडवताना पाना चुकून बॉडीला लागला आणि निगेटिव्ह जोडलेलं असलं की जोरदार ठिणगी पडते, आणि बॅटरीच्या आसपास हायड्रोजन असू शकतो. हातातली अंगठी, कडं काढून ठेवा, खरंच.

चालू इंजिनवर बॅटरीचा टर्मिनल काढणं

हे लिहिताना मला राग येतो, कारण अजूनही लोक असं करतात आणि दुसऱ्यांना शिकवतात. "टर्मिनल काढ, गाडी चालू राहिली तर अल्टरनेटर चांगला." ही सवय डायनॅमोच्या (अल्टरनेटरच्या आधी बॅटरी चार्ज करणारं यंत्र) जमान्यातली. अल्टरनेटर चार्ज करत असताना बॅटरी एकदम काढली तर व्होल्टेज क्षणभर उसळतं, नेहमीच्या कितीतरी पट वर जातं, आणि त्यात अल्टरनेटरचे डायोड (एसीचं डीसी करणारे भाग), रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा), स्टिरिओ आणि गाडीत इसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) असेल तर तोसुद्धा उडू शकतो. शिवाय गाडी चालू राहिली म्हणजे चार्जिंग पुरेसं आहे असंही सिद्ध होत नाही. मीटर लावायला दहा सेकंद लागतात, ते लावा.

चार्जिंग नुसतं आयडलला, सगळं बंद ठेवून मोजणं

इंजिन चालू करा, थोडं गरम होऊ द्या, १५०० ते २००० आरपीएमवर धरा आणि बॅटरीच्या खांबांवर मोजा. बहुतेक जुन्या अल्टरनेटरवाल्या गाड्यांत १३.८ ते १४.५ च्या मधे आलं पाहिजे. इथे लोक थांबतात आणि इथेच फसतात. आता हेडलाईट, ब्लोअर, वायपर, जे काही आहे ते सगळं लावा आणि परत बघा, १३.५ च्या आसपास टिकलं तर ठीक, १२ वर घसरलं तर अल्टरनेटर कमी पडतोय, त्याला फिरवणारा बेल्ट घसरतोय किंवा वायरीत व्होल्टेज वाया जातंय.

उलटी बाजूही बघा. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेलाय किंवा त्याची वायर, अर्थ कुठेतरी सुटलीय. बल्ब सारखे उडणं, बॅटरीतलं पाणी भराभर संपणं, सडक्या अंड्याचा वास, ही सगळी जास्त चार्जिंगची लक्षणं, अशा वेळी गाडी चालवत राहू नका.

लोडवर कमी आलं की लगेच अल्टरनेटर उतरवायची घाई नको. आधी वायरी. मीटर डीसी व्होल्टवर, इंजिन चालू, लाईट चालू, एक पिन अल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरीच्या बोल्टवर, दुसरी बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, ०.३ पेक्षा कमी पाहिजे. मग अल्टरनेटरची बॉडी ते बॅटरी निगेटिव्ह, ०.२ पेक्षा कमी पाहिजे. जास्त आलं तर पिन पुढे पुढे सरकवत जा, जिथे आकडा एकदम उडी मारतो तिथला जोड खराब. माझी पट्टी अशीच सापडली.

बेल्टचं थोडक्यात सांगतो. सगळ्यात लांब भागाच्या मधोमध अंगठ्याने दाबला तर साधारण १० ते १२ मिलिमीटर दबावा, आतली बाजू काचेसारखी चमकत असेल तर घट्ट करून उपयोग नाही, बदला. आणि "घट्टच बरा" म्हणून तारेसारखा ताणू नका, बेअरिंग जातात.

लाल दिव्याकडे नीट न बघणं

बॅटरीच्या चित्राचा तो छोटा लाल दिवा, चावी ऑन केल्यावर तो लागलाच पाहिजे, इंजिन सुरू झाल्यावर विझलाच पाहिजे. बरेच जण फक्त दुसरी गोष्ट बघतात. चावी ऑनला तो लागतच नसेल तर लोक म्हणतात छान, काही वॉर्निंग नाही. अहो, कितीतरी जुन्या गाड्यांमध्ये त्याच बल्बमधून अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट मिळतो, बल्ब उडाला तर अल्टरनेटर जागाच होत नाही, किंवा एकदा जोरात रेस केल्यावर कसाबसा होतो. एवढ्याशा बल्बपायी अख्खा अल्टरनेटर बदललेला मी पाहिलाय.

इंजिन चालू असताना दिवा मिणमिणत असेल तर डायोडवर संशय घ्या. मीटर एसी व्होल्टवर करा, इंजिन चालू, बॅटरीवर लावा, अर्ध्या व्होल्टच्या वर एसी दिसलं तर डायोड गेलेला असण्याची शक्यता दाट. आणि कधी चार्ज होतं कधी नाही, अल्टरनेटरला हलकेच टकटक केलं की सुरू होतं, असं असेल तर आतले कार्बन (ब्रश) झिजलेत, बऱ्याच जुन्या अल्टरनेटरमध्ये ते वेगळे बदलता येतात.

रात्री करंट कोण खातंय ते न शोधणं

चार्जिंग उत्तम, बॅटरी उत्तम, तरी तीन-चार दिवस उभी राहिली की गाडी गप्प. मग गळती शोधायची. सगळं बंद, चावी बाहेर, निगेटिव्ह केबल काढा आणि केबल व खांब यांच्या मधे मीटर १० अँपिअरच्या जागी लावा. दाराचा स्विच दाबून ठेवा नाहीतर आतला दिवाच मोजत बसाल. मीटर लावलेला असताना सेल्फ मारायचा नाही, चावीसुद्धा फिरवायची नाही, मीटरचा फ्यूज जाईल. अर्धा तास थांबा, अलार्म वगैरे झोपू द्या.

५० मिलिअँपिअरपर्यंत चालतं. ३०० दिसले तर हिशोब करा, दिवसाला ७.२ अँपिअर-अवर, ४५ अँपिअर-अवरची बॅटरी तीन दिवसांत अर्धी. आता एकेक फ्यूज काढा, ज्याने आकडा पडला त्या लाईनवर शोधा. डिकीचा दिवा, ग्लोव्हबॉक्सचा दिवा, चिकटलेला रिले, आणि मागाहून बसवलेला स्टिरिओ, यातलंच काहीतरी निघतं बहुधा. सगळे फ्यूज काढूनही आकडा तसाच असेल तर अल्टरनेटरचा डायोड बघा, कारण त्याची जाड वायर सहसा या फ्यूजांमधून जातच नाही.

धक्का मारून, जंप देऊन चालू केली आणि विषय सोडून दिला

पार उतरलेली बॅटरी दहा-पंधरा मिनिटं गाडी फिरवून भरत नाही. अर्ध्या उतरलेल्या ४५ च्या बॅटरीला वीसेक अँपिअर-अवर परत द्यायचे असतात आणि ती ते हळूहळूच घेते. वरून मेलेली बॅटरी भरताना अल्टरनेटर पूर्ण ताकदीने राबून तापतो, जुना असेल तर तिथेच जातो. बाहेर काढून ४-५ अँपिअरच्या चार्जरवर रात्रभर ठेवा, मोकळ्या हवेत. वरच्या सगळ्या टेस्टसुद्धा चार्ज केलेल्या बॅटरीवरच करायच्या, नाहीतर आकडे फसवतात.

अजून एक, जुन्या गाडीत नवीन प्रकारची कॅल्शियमवाली बॅटरी टाकली असेल तर तिला साधारण १४.४ च्या वर चार्जिंग लागतं, आणि गाडीचा जुना रेग्युलेटर १३.८ च देत असेल तर ती कायम थोडी रिकामी राहते, दोष कोणाचाच नसतो पण जोडी जमत नाही. महिन्यातून एकदा बाहेरच्या चार्जरवर लावली तर निभावतं.

ज्यांच्याकडे खरंच जुनी, डायनॅमोवाली गाडी आहे (क्रायस्लर कंपनीने १९६० मध्ये आपल्या व्हॅलियंट गाडीला अल्टरनेटर दिला, त्याच्या आधी गाड्यांत बहुतेक डायनॅमोच), त्यांना हे आकडे जसेच्या तसे लागू नाहीत. डायनॅमो आयडलला जवळजवळ चार्जच करत नाही, दिवा मिणमिणणं तिथे नॉर्मल आहे. आणि त्यातल्या काही गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असते (बॉडीला निगेटिव्ह नाही, पॉझिटिव्ह जोडलेलं असतं), जंपर केबल लावायच्या आधी ते बघाच.

दुरुस्ती झाली की त्याच दिवशी विषय संपवू नका. बॅटरी बाहेरून फुल करा, गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी परत मोजा, मग चार दिवस न चालवता परत. माझ्या गाडीने पट्टी बदलल्यावर चौथ्या दिवशीही १२.६ दाखवले, आणि बॅटरी तीच होती जी मी फेकायला निघालो होतो.